मोगरा ताणावर हाय

आमच्या गंगाखेडच्या घरमालकांना आभाळाचा राग यायचा, आणि तो ते मनात ठेवत नसत. माघ महिन्यात कुठे ढग दिसला की ते काठी घेऊन गच्चीवर चढत, कोटाची बटणं लावत आणि त्या ढगाला दखनीत सुनावत, "चल, निकल! नांदेड का रस्ता पकड! इधर तेरा कुछ काम नै!" ढग निघून गेला तर ते दिवसभर खुशीत असत. नाही गेला तर त्याचा हिशेब आमच्याकडून चुकता होई.

परवा तुम्ही नातवंडांनी फोनवर सांगितलंत की तिकडे परदेशात तुमच्या अंगणात पिवळी फुलं उमलली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्यावर बर्फ पडलं. तुम्हाला फुलांचं वाईट वाटलं आणि मला मालक आठवले. त्यांच्याविषयी लिहिते आहे, पण आधीच बजावते की ही कुणा थोर माणसाची गोष्ट नाही. तुमच्या आईने त्यांना थोर करून ठेवलं आहे. ती तेव्हा पाळण्यात होती, तिला काय माहीत? त्या माणसाबरोबर एका अंगणात मी राहिले आहे. फार वैताग होता तो.

निजामाच्या अमलात ते गिरदावर होते, म्हणजे गावोगाव फिरून जमिनी आणि पिकं तपासणारे महसूल खात्यातले अंमलदार. मी त्यांना पाहिलं तेव्हा निवृत्त झाले होते, पण तपासणीची सवय गेली नव्हती. बायको वारलेली, मूलबाळ नाही. घर मोठं, त्यातल्या बाजूच्या दोन खोल्या भाड्याच्या. पुढे अंगण, अंगणात आड, आणि त्या दोन खोल्यांच्या ओसरीला लागून मोगऱ्याचा लांबलचक वाफा. त्या वाफ्यापायी मालकांनी जगाशी भांडण घेतलं होतं.

मला तिथल्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवण्याची नोकरी लागली होती. तुमचे आजोबा सोनपेठकडे पाटबंधाऱ्याच्या कामावर असत आणि शनिवारच्या एस.टी.ने येत. दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. घर शोधायला मी एकटीच फिरत होते. खोल्या रिकाम्या असत, पण आधी आडनाव विचारत, मग मूळ गाव, आणि मग खोल्यांना अचानक पाहुणे येणार असत. पुढे पुढे आम्ही बौद्ध आहोत हे मी पहिल्याच वाक्यात सांगून टाकायला लागले. वेळ वाया गेलेला मला आवडत नाही.

मालकांनाही तसंच सांगितलं. ते खुर्चीत बसून कात्रीला धार लावत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"ते ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "कपडे धुतल्यालं पानी कुटं टाकता तुमी?"

"मोरीत."

"मोरीचं पानी फुडं कुटं जातं ते कदी बगितलं का? न्हाई ना? कोनीच बगत न्हाई. चला, दाखवतो."

त्यांनी मला भर उन्हात घराला वळसा घालून मागचा नाला दाखवला. अंगणात थेंब सांडणार नाही असं कबूल करून घेतलं आणि किल्ली हातात ठेवली. गंगाखेडात एक सुधारलेला माणूस सापडला, असं मी त्या शनिवारी आजोबांना मोठ्या कौतुकाने सांगितलं. पौष लागला तसे ते शब्द मी परत घेतले.

मोगऱ्याचं असं असतं, की पौषात त्याचं पाणी तोडायचं. पानं पिवळी पडून गळतात, झाड वाळल्यासारखं दिसतं. मग छाटणी करायची, बुंध्याजवळची माती उकरून मुळांना ऊन दाखवायचं, आणि माघ सरता सरता शेणखत घालून भरपूर पाणी सोडायचं. तहानलेलं झाड मग सगळ्या अंगाने फुटतं आणि फाल्गुनात कळ्यांनी लगडतं. मधेच पाणी मिळालं तर नुसता पाला माजतो, कळी धरत नाही. याला ताण देणं म्हणतात. मोसंबीचे बागाईतदारही बहार धरायला हेच करतात. पद्धत उत्तम आहे. अडचण एवढीच, की मोगऱ्याला ताण दिलेला असताना त्याच अंगणात आम्हीही राहत होतो.

अंघोळ करून ओल्या पायांनी ओसरीवर यायचं नाही. दूधवाल्याने किटलीचं बूड पुसूनच फाटकातून आत शिरायचं. तुमच्या आईची दुपटी पिळून पिळून माझे हात दुखत, तरी त्या दोरीखाली मालकांनी स्वतःच्या स्वयंपाकघरातली परात आणून ठेवली होती, आणि त्या परातीत जमलेलं पाणी ते मला दाखवायला आणत. माझ्या हातून तांब्या नुसता कलंडला तरी समोरच्या खोलीतून आरोळी येई, "बाई! मोगरा ताणावर हाय!" त्यांना हे दिसायचं कसं, ते मला कधी कळलं नाही. पेपर वाचताना चष्मा लागे, पण अंगणातला थेंब भिंतीपलीकडून दिसे.

आम्ही आडावर पाणी भरायला गेलो की शेजारच्या काकू गच्चीवर येऊन उभ्या राहत. आम्ही दोराला हात कसा लावतो हे त्यांना बघायचं असे. मालकही बघत, पण ते फक्त बादली गळते का, एवढंच.

एकदा चारठाण्याहून माझ्या सासूबाई आल्या. प्रवासातून आलेल्या माणसाने पायांवर पाणी घेऊन आत यायचं, ही रीतच. त्यांनी ओसरीच्या पायरीवर उभं राहून तांब्याभर पाणी पायांवर घेतलं. ते ओघळत वाफ्याकडे निघालं. मालक धावत आले, गुडघ्यांवर बसले आणि हातांनी मातीचा बांध घालू लागले. "आजी, काय केलंत हे! सत्यानास केलात!" सासूबाई घाबरून भिंतीला टेकल्या. मी त्यांना आत नेऊन सगळं समजावून सांगितलं. त्यांना आधी खरंच वाटेना. मग तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "आयुष्यभर लोकांनी मला पान्यावरून हाकललं गं," त्या म्हणाल्या, "पर फुलाला तरास व्हतो म्हनून हाकलनारा हा पयलाच."

त्यांना हसू आलं. मला नाही आलं. त्या चार दिवसांनी परत जाणार होत्या.

मालकांना हवामान कळतं असा त्यांचा स्वतःचा समज होता. रोज सकाळी गच्चीवर जाऊन नाक वर करून वास घेत आणि खाली येऊन निकाल जाहीर करत. तो हमखास चुके. ते "आज आभाळ साफ" म्हणाले की मी छत्री घेऊन शाळेत जायचे, आणि माझी साडी कोरडी राहायची. आकाशवाणीचा अंदाज सांगितला तर चिडत. "पुन्यामुंबईत बसून ह्यांना गंगाखेडचं आभाळ दिसायलंय व्हय?" मी एकदा म्हणाले, "तुम्हाला गच्चीवरूनही दिसत नाही." त्यावर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते दोन दिवस फार चांगले गेले.

त्यांचा अंदाज चुकला की शिक्षा माझ्या चादरींना होई. माघातलं आभाळ तिकडे भरवशाचं नसतं. सकाळी थंडी, दुपारी चटका, आणि मधेच कुठून तरी वारं सुटून टपोरे थेंब येतात, कधी गाराही पडतात. आंब्याचा मोहर झडतो, हरभरा लोळतो. ज्यांचं शेत असतं ते कपाळाला हात लावून बसतात, त्यांच्या हातात काही नसतं. मालकांच्या हाती माझी दोरी होती. मी नीळ घालून वाळत टाकलेल्या चादरी ते भराभरा ओढत आणि वाफ्यावर अंथरत. मग "बाई, या! ते टोक धरा! आवं, धरा की, उडायलंय!" शाळेच्या तपासणीसाठी इस्त्री करून आणलेली माझी पांढरी साडी एकदा अशीच मोगऱ्यावर गेली. त्या दिवशी पाऊस आलाच नाही. मातीचे डाग पडलेली साडी नेसून मी तपासनीसांपुढे वसंत ऋतूवरची इंग्रजी कविता शिकवली.

आणि एवढं करून ती फुलं कुणाच्या उपयोगाची म्हणाल, तर कुणाच्याच नाही. देवाला वाहायची नाहीत, केसांत माळायची नाहीत. तोडायचीच नाहीत. "वास घ्या की पायजे तेवढा," मालक उदारपणे म्हणत. "वासाला कोन मना केलंय?"

आता मुख्य गोष्टीकडे येते.

मालकांचे धाकटे भाऊ परभणीला असत. घरात त्यांचाही हिस्सा होता. त्यांच्या मुलीचं लग्न फाल्गुनात ठरलं, आणि ते याच अंगणात करायचं असं दोघा भावांनी ठरवलं. माघात एका दुपारी ते बोलणी करायला आले. ओसरीच्या त्या टोकाला दोघे बसले होते, मी या टोकाला वह्या तपासत होते. भाऊ आवाज खाली करत नव्हते. मी ऐकावं, असंच त्यांना वाटत असणार.

"दादा, पाहुणे जुन्या वळणाचे आहेत. अंगणात हे भाडेकरू, आडावर त्यांची भांडी. उगीच बोलणं नको. लग्नाचे आठ दिवस त्यांना गावाकडे जायला सांग. आणि मी म्हणतो, गेलेच आहेत तर मग परत कशाला?"

माझ्या हातातला तांबड्या शाईचा पेन थांबला. आठ दिवस कुठे जायचं हा प्रश्न नव्हता, चारठाणा होतं. पण एकदा किल्ली दिली की ती परत मिळणार नाही, हे मला कळत होतं. गंगाखेडातली बाकीची सगळी दारं मी पाहून झाले होते. नोकरी सोडावी लागली असती. मांडीवर तुमची आई होती.

मालकांनी एकदा वाफ्याकडे आणि एकदा आभाळाकडे पाहिलं.

"जमनार न्हाई," ते म्हणाले.

"का?"

"फाल्गुनात कळ्या धरत्यात. गारा आल्या तर चादरी कोन धरंल? तू धरशील?"

भावाने कपाळावर हात मारून घेतला आणि विषय तिथेच संपला. माझं घर वाचलं. तुमची आई इथे टाळ्या वाजवते. मी वाजवल्या नाहीत. मी त्या रागाने पुढच्या तीन वह्या नीट तपासू शकले नाही. भाऊ जे बोलला ते अपमानाचं होतं, आणि त्याला उत्तर काय मिळालं, तर चादरी! हे चूक आहे, एवढे तीन शब्द त्या माणसाच्या तोंडून निघाले नाहीत. मी माणूस म्हणून त्या अंगणात नव्हतेच. मी चादरीचं टोक होते.

माघ सरताना मालकांनी मोगऱ्याला पाणी सोडलं. तो दिवस मला सणासारखा वाटायचा. दोरीखालची परात गेली, पाय पुसायचं पोतं गेलं. दर संध्याकाळी आडाचं पाणी पाटाने वाफ्यात खळखळायला लागलं. लग्नाच्या आठवड्यात फांद्यांना टाचणीच्या डोक्याएवढ्या हिरव्या कळ्या दाटल्या होत्या. ते दृश्य सुंदर होतं, हे मला मान्य करावं लागतं.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. वऱ्हाड दुपारी आलं. अंगणात मांडव, मांडवाखाली जाजम, जाजमावर पाहुणे. सकाळीच मालकांनी गच्चीवरून जाहीर केलं होतं, "आज आभाळ एकदम साफ." मी लगेच दोरीवरचे कपडे आत घेतले.

तीनच्या सुमाराला वारं सुटलं. मांडवाचं कापड फडफडलं, अंधारून आलं आणि गारा कोसळल्या. सुपारीएवढ्या, काही त्याहून मोठ्या. लोक उठून उभे राहतात न राहतात, तोच मालक गर्दीत शिरले आणि त्यांनी पाहुण्यांच्या पायांखालचं जाजम ओढायला सुरुवात केली.

"उटा! सरका तिकडं! सोडा ते जाजम!"

"अहो, नवरदेव उभे आहेत त्यावर!"

"मग उतरा म्हनावं त्यांना!"

नवरदेव उतरले. मालकांनी जाजम फरफटत नेऊन वाफ्यावर टाकलं. ते पुरेना, तशा माझ्या खोलीतल्या चादरीही ओढून आणून पसरल्या. पाहुणे डोक्यावर हात धरून जिथे छप्पर दिसेल तिथे पळाले, आणि सगळ्यांत जवळचं छप्पर आमचं होतं. माझ्या दोन खोल्या आणि ओसरी माणसांनी भरून गेली. मी टॉवेल दिले, म्हाताऱ्यांना बसायला पलंग दिला, पेल्यांतून पाणी दिलं. कुणी काही विचारलं नाही. गारा पडत असताना माणसं आडनाव विचारत नाहीत.

गारा थांबल्या, हलकी रिपरिप राहिली, आणि मग लोकांनी इकडेतिकडे पाहिलं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. नवऱ्या मुलाचे मामा ओसरीच्या कडेला उभे होते, भला मोठा गुलाबी फेटा, हातात मी नुकताच दिलेला पेला. त्यांच्या कानाशी कुणीतरी कुजबुजलं. त्यांनी तसबिरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग हात लांब करून पेला उलटा केला. पाणी खाली वाफ्यावरच्या जाजमावर पडलं. पेला त्यांनी ओसरीच्या कडेला ठेवला, दोन बोटांनी.

सगळ्यांनी पाहिलं. मी पुढे होऊन पेला उचलला.

"कोन टाकलं पानी?" मालक वाफ्याजवळ जाजमाचं टोक धरून चिखलात उभे होते. "मोगऱ्यावर कोन पानी टाकलं?"

"अहो, एवढासा पेला..." मामा म्हणाले.

"मोगरा ताणावर हाय! ताणावरच्या मोगऱ्यावर पानी टाकता? अक्कल हाय का? चला, भाईर व्हा! भाईर! माज्या अंगनात पाय ठिवायचा न्हाई!"

त्यांनी जाजम सोडलं, काठी उचलली आणि त्या धिप्पाड माणसाला फाटकाबाहेर घालवूनच परत आले. आभाळातून पाणी गळत होतं, अंगणात घोटाभर गारा वितळत होत्या, आणि हा माणूस पेलाभर पाण्यासाठी व्याह्यांचा मेहुणा हाकलत होता. कुणीतरी हसलं. "म्हातारं मोगऱ्यापायी पार येडं झालंय," एक जण म्हणाला, आणि बाकीच्यांना तेवढंच हवं होतं. सगळे मोकळे झाले. पाण्याचा पेला कुणाच्या घरचा होता, ही गोष्ट मागच्या मागे पुसली गेली.

भाऊ धावत आले. मामा रुसून एस.टी. स्टँडवर जाऊन बसले होते, परत येणार नाही म्हणत होते. "दादा, तू येऊन एवढंच सांग, की मोगऱ्यापायी डोकं फिरलं होतं. आणि बाईंना आजच्यापुरतं दुसरीकडे पाठव. म्हणजे ते येतील."

"मी येत न्हाई. आन् बाई कुटंबी जायच्या न्हाईत. चादरी भिजल्यात, त्या कोन वाळवनार?"

भाऊ शिव्या पुटपुटत दोन वडीलधारे गोळा करायला गेले. मी वाफ्याशी गेले. जाजम अर्धं सरकलं होतं, आणि खाली ओल्या फांद्यांवर कळ्याच कळ्या होत्या.

"मालक," मी म्हणाले, "ताण तर तुम्ही माघातच तोडलात. पाटाने पाणी देता रोज. याला पेलाभर पाण्याने काय होणार होतं?"

ते कळ्यांवरची गार बोटाने काढत राहिले.

"खोटं बोललात तुम्ही. तो माणूस आमचं पाणी ओतत होता. तेच बोलायचं होतं. सरळ, सगळ्यांसमोर."

"आन् मग?" त्यांनी पहिल्यांदाच वर पाहिलं. "मी तसं बोललो असतो तर दहा लोक मधी पडले असते. ह्याचं चुकलं, त्याचं चुकलं, जाऊ द्या, मिटवा. मिटवायचं म्हंजे काय? तुमाला म्हनले असते, बाई, तुमीच जरा सरकून घ्या. येड्यासंगं कोनी मिटवत न्हाई. येड्याला सोडून देत्यात."

हे त्यांनी आधीच योजलेलं होतं, की तिथे उभं राहून सुचलं, देव जाणे. मला एवढंच दिसलं, की मला बाजूला ठेवून माझ्यावरचा अन्याय त्यांनी परस्पर निकालात काढला होता.

"मी वेडी नाही," मी म्हणाले. "मला वाद घालायचा होता."

"मग घाला की. मी कुटं तोंड धरलंय तुमचं? मानूस बसलाय स्टँडवर. गाडी यायची हाय अजून."

मी तुमच्या आईला कडेवर घेतलं आणि निघाले. म्हणजे ती त्या प्रसंगाला हजर होती, हे खरं आहे, पण झोपलेली होती. रस्त्यावर लिंबाच्या डहाळ्यांचा सडा होता, चपला चिखलात रुतत होत्या. मामा बाकावर बसले होते, फेटा मांडीवर काढून ठेवलेला. समोर भाऊ आणि ते दोघे वडीलधारे हात जोडून उभे. आजूबाजूला गाडीची वाट बघणारी माणसं.

"म्हाताऱ्याचं काय मनावर घेता," भाऊ म्हणत होते, "मोगऱ्याच्या पुढं त्याला काही..."

"मोगऱ्याला पाण्याने काही झालेलं नाही," मी म्हणाले. सगळे वळले. "मोगऱ्याचा ताण कधीच संपलाय, त्याला रोज पाणी घालतात. तुम्ही आमच्या घरचं पाणी म्हणून ओतलंत, आणि मालकांनी तुम्हाला त्यासाठीच बाहेर काढलं. तुम्हाला कुणी दुसरं काही सांगत असेल तर ते खोटं आहे."

मामांनी फेट्यावर हात फिरवला. "बाई, तुमी शिकलेल्या दिसता. चारचौघांत असं बोलू न्हाई."

"चारचौघांतच ओतलंत."

शेंगा विकणाऱ्या बाईने शेंगा मोजायच्या थांबवल्या. परभणीची गाडी लागली तसे मामा उठले आणि जाऊन बसले. आत बसून फेटा बांधताना ते मला खिडकीतून दिसत होते.

त्यांच्यावाचून लग्न अडलं नाही. "आमचा मेहुणा प्रत्येक लग्नात रुसतो," नवऱ्या मुलाचे वडील म्हणाले, "मुहूर्त टळू देऊ नका." पण आम्ही अंगणात परतलो तेव्हा भाऊ सरळ मालकांपुढे जाऊन उभे राहिले. आता वेडेपणाचा आडोसा राहिला नव्हता, तो मीच स्टँडवर काढून टाकला होता.

"दादा, ही बाई म्हणते ते खरं आहे का? तू ह्यांच्यासाठी माझ्या पाहुण्याला हाकललंस?"

मांडवातले लोक जवळ सरकले. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या रागाने त्यांनी आभाळाकडेही कधी पाहिलं नव्हतं.

"व्हय," ते म्हणाले.

भावाने लग्न लावलं, मुलीची पाठवणी केली आणि तो निघून गेला. त्यानंतर आम्ही तिथे राहत होतो तोवर त्या घराची पायरी तो चढला नाही. मालक माझ्याशी फाल्गुन संपेपर्यंत बोलले नाहीत. ओसरीवरून मोगऱ्याचा वास खोलीभर यायचा, आणि ते माझ्या दारावरून काठी आपटत जायचे. मी माझं काम करत राहिले. मला माफी मागायची नव्हती, आणि अजूनही मागायची नाही.

त्या संध्याकाळी वरात निघून गेल्यावर मात्र ते एकदा बोलले होते. मी मळलेल्या चादरी गोळा करत होते. ते मागे येऊन उभे राहिले.

"भाऊ गेला माजा," ते म्हणाले. "येडा म्हनून सोडून दिला असता त्यानं मला. आता दुश्मन म्हनून गेला. झालं समाधान तुमचं, बाई?"

"झालं," मी म्हणाले.

आणि खरोखरच झालं होतं.